रामनवमीचं पानक

भुजंगरावानं रंगाच्या कारखान्यातल्या पहिल्या हौदात काठी फिरवली. बर्फ नव्हताच. सकाळी त्यानं स्वतः सोडलेल्या दोन लाद्या गायब, पाणी तापलेलं, वर तपकिरी फेस. वास असा, की हूटगळ्ळी गावावरून जाणारे कावळे वाट बदलून थेट हुणसूरला गेले.

"बर्फ कुणी नेला रे?"

"मालकांनी," कामगार प्राणेश म्हणाला. "प्रसादाचं गुळाचं पानक गार करायला. नळाखाली धुतला की एकदा!"

 भुजंगराव गेटकडे पळाला. मांडवाखाली रामनवमीची रांग, हातात नुकतेच भरलेले ग्लास, आणि सगळ्यांत पुढे त्याची आई, अंबुबाई. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. ग्लास ओठांना लागणार, तोच त्यानं हिसकावला.

"अय्यो, प्रसाद रे तो!"

"थू! आई, रंगाच्या हौदातलं पाणी आहे त्यात."

मालक शेषगिरी पळी हलवत हसले. "बर्फ तो बर्फ, भुजंगराव. गुळाचा वास बघा कसा येतोय."

भुजंगराव तडक वळला. आत जाऊन दुसऱ्या हौदातलं नॅप्थॉल हे रसायन तांब्याभर घेऊन आला. पहिल्या हौदातलं थोडं जरी पाणी असलं, तरी हे पडलं की रंग उठतो; सगळा कारखाना त्यावरच चालतो. त्यानं ते आईच्या ग्लासात ओतलं. पिवळसर पानक डोळ्यांदेखत लालभडक झालं, वर गुठळ्या तरंगल्या.

रांग बघायला पुढे झुकली. मग मागून कुणी ओरडलं, "कुंकू! रामानं कुंकू दिलं!"

झालं! तीस ग्लास एकदम पुढे आले. "आम्हाला पण लाल द्या हो!" सरस्वतीपुरमच्या वरलक्ष्मीबाईंनी तर कपाळाला लावायला अंबुबाईच्या ग्लासात बोट बुडवलंसुद्धा.

शेषगिरींनी हात जोडले. "चमत्कार! प्रत्यक्ष चमत्कार!"

 भुजंगराव म्हणाला, "मग पहिला घोट तुम्ही घ्या, साहेब."

शेषगिरींचा हात मागे गेला. "मला... आज उपास आहे."

"पानक उपासालाच पितात की हो," अंबुबाई म्हणाली. तिनं तो लाल ग्लास उचलला आणि आपल्या हातानं मालकांच्या तोंडाशी नेला. "घ्या. रामानं दिलंय."

मालकांनी ओठ असे घट्ट मिटले, जसं पोर एरंडेलापुढे मिटतं. अंबुबाई हात खाली घेईना.

रांगेत कुणीतरी आपला ग्लास मातीत उपडा केला. मग शेजारच्यानं. मग वरलक्ष्मीबाईंनी पदरानं बोट पुसलं.