मागे दाखवणारा बाण

स्पीडिंगचं आणखी एक तिकीट मिळालं तर लायसन्सच जाणार होतं, म्हणून देवांगने ढिगाने रिव्ह्यू वाचून रडार डिटेक्टर घेतला. पोलिसाचं रडार कुठल्या बाजूला आहे, ते लाल बाणाने दाखवणारा. डॅशबोर्डवरचा गणपती ग्लव्ह बॉक्समध्ये कोंबून त्याने त्या जागी डिटेक्टर चिकटवला, तेव्हापासून त्याची बायको सुलेखा धुमसत होती.

अ‍ॅरिझोनातलं चँडलर सोडल्यापासून डिटेक्टर कोकलत होता. बाण मागे दाखवत होता, आणि मागे भर उन्हात रस्ता रिकामा.

"रिटर्न कर म्हटलं होतं ना! डोकं उठलंय माझं."

"तू गप्प बस आधी!"

त्याने स्पीड वाढवला, कमी केला. आवाज तेवढाच. शेवटी त्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, वायर उपटली. तरी ठणाणा चालूच.

"मसणात जा!" म्हणत त्याने डिटेक्टर पार मागच्या काचेपाशी भिरकावला.

दोघांनी वळून पाहिलं. तिथे पडल्या पडल्या तो कोकलतच होता, पण बाण आता पुढे दाखवत होता. मध्ये होती फक्त मागची रिकामी सीट.

"कोण आहे रे तिथे?" देवांग खेकसला.

रिकाम्या सीटचा बेल्ट सावकाश ओढला गेला आणि खट्‌कन लागला.