पित्तनळीचा की यकृताचा

काचेवर कोरावितचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तरी तिच्यावरचा तुकडा त्याच्याच यकृताचा, हे सुवन्नीला ठाऊक होतं. रिपोर्टवर सही दुसरा डॉक्टर करणार होता. पण बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली अशाच काचा तपासलेली बायको नवऱ्याची काच बघितल्याशिवाय थोडीच राहणार?

कॅन्सर आहे, यात शंका उरली नव्हती. प्रश्न होता तो कुठला याचा. यकृताच्या पेशींचा असला, तर तो कोरावितला जन्मापासून असलेल्या काविळीच्या विषाणूमुळे, त्यात कुणाचा दोष नाही. पित्तनळ्यांचा असला, तर कच्च्या माशातल्या कृमीमुळे. आणि बँकॉकच्या या जावयाला कच्चा मासा पहिल्यांदा वाढला तो तिच्या बाबांनी, खोन केनजवळच्या त्यांच्या गावी. भरपूर लिंबू पिळलं की कृमी मरतात, असं अख्खं गाव मानतं. शहरी जावयानं ताट चाटूनपुसून खाल्लं म्हणून बाबा गावभर मिरवले. पुढे दर सणाला तेच ताट. डॉक्टर लेक शेजारीच बसलेली असायची. चारचौघांत बापाचा पाणउतारा नको, म्हणून गप्प.

यकृताच्याच पेशी असू देत, असं घोकत तिनं डोळा भिंगाला लावला. दाट तंतूंच्या जाळ्यात वेड्यावाकड्या नळ्या होत्या, त्यांत चिकट स्राव. तिनं दुसरी काच लावली, मग तिसरी. सगळीकडे पित्तनळ्याच. काचा जागेवर ठेवून ती बाहेर आली.

बाहेर बाकावर बाबा बसले होते. चार दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता.

"माझ्या मासळीनं तर नाही ना झालं, पोरी?"

त्यांचा चेहरा तिला बघवेना. नाही, काविळीमुळे झालाय, जन्मापासूनच्या, असं ती सांगून बसली.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी शेजारची वेताची परडी उघडली आणि चिकट भाताचा घास तोंडात टाकला. मग गालात हसले.

"उगाच घाबरत होतीस. फाई पाच वर्षांची झाली, तरी तिला चाखू दिलं नाहीस. रविवारी तळ्यातला ताजा मासा आणतो. नातीला मीच भरवणार."

लेकीचं नाव ऐकताच सुवन्नी त्यांच्या शेजारी बसली. तिनं बाबांचा हात धरला.

"बाबा, मी खोटं बोलले. मासळीनंच झालंय. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं."