तीनच भोकं

जांघेतल्या हर्नियात आतडं अडकलं, म्हणून तनुजाचं ऑपरेशन तातडीनं दुर्बिणीतून झालं. तिसऱ्या दिवशी ती गारखेड्यातल्या घरी आली. भेटायला आलेल्या बायकांना सासूबाईंनी तिचे टाके मोजून दाखवले. "एवढुसंच! हिच्या नवऱ्याला ह्याच दुखण्यात वीतभर चिरलं व्हतं. दोन महिने खाटंवरून उठू दिलं नाय मी त्याला."

सहाव्या दिवशी नळाला पाणी आलं. सासूबाईंची पहिली हाक तनुजालाच गेली, "ऊठ गं, तीनच तर भोकं हायेत!" तिनं कळशीनं दोन ड्रम भरले.

तपासणीला डॉक्टर खूश होते. "बघा, महिन्याभरात खूणसुद्धा राहणार नाही."

"तीच तर पंचाईत हाय, डॉक्टर!" तनुजा उसळली. "परवा परत पाणी येतंय. पोटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी चिकटवून द्या मला!"