डावीकडची बशी

युद्ध संपल्यापासून छावणीच्या फाटकाशी रोज कुणाकुणाचे घरचे येत होते. प्रत्येकाच्या हातात आठवणींची डबी असायची. लढाईवर जाताना घरच्या आठवणी काढून घरीच ठेवायच्या, असा नियम होता; पकडलेला जवान त्यांच्यामुळेच मोडतो म्हणे. डबी कानामागे टेकवली की जवान समोरच्याला मिठी मारून रडायचा आणि निघून जायचा.

हवालदार साळोख्यांकडे कुणी आलं नाही. वाट कुणाची बघायची, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला लेकरू असणार," घरी जाताना शेजारच्या खाटेवरचा जवान बाबर म्हणाला होता. "चहा पिताना स्वतःचा हात बघा की."

हात खरंच तसा वागायचा. साळोखे बशीत चहा ओतायचे, फुंकर घालायचे आणि बशी डावीकडे, गुडघ्याच्या उंचीवर धरायचे. तिथं कुणी नसायचं. मग स्वतःच पिऊन टाकायचे.

छावणी जवळजवळ रिकामी झाली तेव्हा एक उंच मुलगी आली. तिच्या हातात काही नव्हतं.

"बाबा, डबी नाही," ती म्हणाली. "घरावर बॉम्ब पडला. आईही त्यातच गेली."

"फार वाईट झालं," साळोखे म्हणाले, परक्याला म्हणावं तसं. मग अवघडून म्हणाले, "चहा घ्या."

सवयीनं त्यांनी फुंकर घातली आणि बशी डावीकडे, खाली धरली.

मुलगी जमिनीवर बसली, मान वाकवली आणि त्यांच्या हातातूनच पिऊ लागली. साळोखे त्या अनोळखी चेहऱ्याकडे बघत राहिले. तिचा चहा संपेपर्यंत हात मात्र जराही हलला नाही.