केविनची आई

सकाळपासून केविन पुन्हा पुन्हा मरत होता आणि मार्लिस पुन्हा पुन्हा रडत होती.

खरं तर केविन कुणी नव्हताच. जूनमधल्या एका मोटरसायकल अपघातात गेलेला तो कागदावरचा मुलगा, आणि मार्लिस त्याची आई. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी हाडं आणि स्नायू घोकून झाले, की पोरांना आणखी एक गोष्ट शिकवतात. वाईट बातमी कशी सांगायची. मग ती ऐकून घ्यायला एक आई लागते. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात गेली काही वर्षं ती आई मार्लिस होती. चर्चच्या नाटकांत दरसाल देवदूत होऊन कंटाळलेल्या बाईला हे काम फार मानवलं होतं. शिवाय मार्कही तीच द्यायची, त्यामुळे होणारे डॉक्टर तिला जरा टरकून असत.

खोली चौथ्या मजल्यावर, खाली रुग्णालय. अँब्युलन्सचा भोंगा वाजला की विद्यार्थी दचकायचे. मार्लिसला तो आता ऐकूही येत नसे. मोबाईल कुलपात ठेवायचा, केविनच्या आईचा जुनाट स्वेटर चढवायचा आणि खुर्चीत बसायचं. रडू यावं म्हणून ती आपल्या मेलेल्या कुत्र्याला आठवायची. पोटच्या पोराला कधीच नाही. तेवढं पथ्य तिने कटाक्षाने पाळलं होतं.

पोराला मात्र कसलंच पथ्य नव्हतं. सकाळी बर्फातून तिला पिकअपने सोडताना टॉड म्हणाला, "काय मातोश्री, आज मला किती वेळा मारणार?"

"तुला नाही रे मेल्या, केविनला!"

"बरं, दुपारी न्यायला येतो. फार रडू नकोस. डोळे सुजले की बेडकासारखी दिसतेस."

तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

दुपारी डेनीसने दारातून डोकं आत घातलं. परीक्षांची सगळी व्यवस्था तिच्याकडे असे. "एकच उरलाय गं. जरा सांभाळून घे त्याला. मागच्या खेपेला नापास झाला. 'मृत्यू' हा शब्दच तोंडातून फुटत नाही त्याच्या. आज अडला तर वर्ष गेलं."

"मी मार्कांची खैरात करत नाही," मार्लिस म्हणाली. पण एका शब्दापायी पोराचं वर्ष जावं? तिने मनाशी ठरवलं, याला शिकवीन, पण पास करूनच बाहेर पाठवीन.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग दारावर टकटक झाली.

पोरगा उंच होता, चेहरा पांढराफटक. कोट गुडघ्यापर्यंत आलेला. पहिल्या वर्षाचे कोट आखूड असतात. धीर यावा म्हणून यानं एखाद्या मोठ्या डॉक्टरचा मागून आणला असणार. मार्लिसला हसू आलं, ते तिने दाबलं.

"मिसेस..." म्हणून तो दारातच अडखळला.

"आधी बस, बाळा. अशी बातमी उभ्या उभ्या सांगू नये. आईला वाटतं, याला पळायची घाई झालीय."

तो गोंधळून बसला. "तुम्हाला कुणी... फोन आला होता का?"

"माझा फोन कुलपात आहे. तू बोल."

"तुमचा मुलगा... आम्ही खूप प्रयत्न केले. तो आता आपल्यात..."

"आपल्यात नाही, तर कुणात आहे? असं गोलगोल बोललास ना, की आई आशा धरून बसते. सरळ सांग. कुठला शब्द, ते तुला ठाऊक आहे."

त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मार्लिसला त्याची इतकी कणव आली, की तिने मनातल्या मनात तो शब्द त्याच्यासाठी उच्चारला.

"तुमच्या मुलाचा मृत्यू झालाय," तो म्हणाला. "रस्त्यावर बर्फ होता. गाडी घसरून ट्रकखाली गेली."

कागदावर ना बर्फ होता, ना ट्रक. पोरानं पदरचं घातलं होतं. घालू दे बापडा, शब्द तर निघाला! आता पाळी तिची होती.

"नाही! तुमची काहीतरी चूक होतेय. दुसरा कुणी असेल तो!"

"चूक नाही, बाई. खरं आहे हे. मी तिथेच होतो."

त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हे साधलं नव्हतं. मार्लिसने कुत्र्याला आठवलं आणि हंबरडा फोडला. त्याने पुढे सरकून तिचे दोन्ही हात धरले. काही बोलला नाही. उगाच धीर दिला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. गप्प बसणं सगळ्यात अवघड, तेही त्याला जमलं.

मग तिने बाहीने डोळे पुसले आणि खुदकन हसली.

"शाब्बास रे पठ्ठ्या! पैकीच्या पैकी मार्क. अंगावर काटा आणलास माझ्या. पास झालास तू!"

त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"अरे, संपलं सगळं. सोड आता हात. माझा मुलगा खाली गाडी घेऊन खोळंबला असेल."

त्याने हात सोडले नाहीत.

तेवढ्यात दार ढकलून डेनीस आत आली. तिच्यामागे धापा टाकणारा एक मुलगा होता.

"माफ कर हं मार्लिस, बर्फात याची बस अडकली होती. हा नोलन, आपला शेवटचा विद्यार्थी."