फाईलचं नाव
रोहिदासच्या मोबाईलमध्ये घरच्यांचे रक्ताचे रिपोर्ट होते, पण प्रत्येक फाईलचं इंग्रजी नाव सारखंच. परवा डॉक्टरांपुढे आईऐवजी बायकोचा रिपोर्ट उघडला आणि आईच्या साखरेच्या गोळ्या बंद होता होता राहिल्या. "ताई, कुणाचा कंचा, वळखायचं कसं?" भोरच्या लॅबची वेबसाइट सांभाळणाऱ्या गुलफशाला त्यानं विचारलं. "डाउनलोड होतानाच फाईलला पेशंटचं नावगाव मराठीत लागेल," ती म्हणाली. पण करून पाहिलं तर रोहिदासच्या मोबाईलवर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली. लॅबचे मालक म्हणाले, "इंग्रजीत भागतंय की!" गुलफशा मात्र रोहिदासचा जुना मोबाईल समोर ठेवून जमेपर्यंत उठली नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला. रोहिदास मोबाईल चाळू लागला, तोच चौथी शिकलेल्या आईनं एका नावावर बोट ठेवून वाचलं, "सोजराबाई, विंझर. ह्यो माजा." डॉक्टरांनी पहिल्यांदाच रोहिदासला सोडून आईकडे पाहिलं. "बोला आजी, काय त्रास होतोय?"