परसूअण्णांची तालीम

इन्सुलिन स्वतःचं स्वतः टोचायला शिकवणाऱ्या सिद्धी सिस्टरांपुढे परसूअण्णा तिसऱ्यांदा नापास झाले. यशवंतपूरच्या बाजारात चाळीस वर्षं कांद्याची पोती पेललेला हात, पण इन्सुलिनचं पेन धरलं की लटपटायचा.

"राहू दे सिस्टर. घरी बायको टोचते की."

सिस्टर पाणी पिऊन आल्या, तर अण्णा शेजारच्या पेशंटला स्पंजवर शिकवत होते. "सरळ टोचा, बटण दाबा, दहा मोजा, मगच सुई काढा." हाताला कंप म्हणून नव्हता.

"अण्णा, तुम्हाला तर सगळं येतंय!"

"स्वल्प हळू बोला. बायको बाहेर बसलीय."

 

"महिन्यापूर्वी भांडलो. तेव्हापासून ती माझ्याशी एवढंच बोलते, 'शर्ट वर करा.'"